कळतं सगळं, मग उपचाराला जात का नाहीत?

नमस्कार. आज सुरुवात एका स्टीलच्या पेल्यापासून करते.

माझे मामा सकाळचा चहा पेल्यातच घ्यायचे, तोही अर्धाच भरलेला. मला वाटायचं, आवड असेल. मोठी झाल्यावर कळलं, हातात बशी धरली की ती खडखडायची. दारूचा घोट पोटात गेल्याशिवाय हात थांबत नसे. आणि आम्ही सगळे म्हणायचो, "मनावरच घेत नाहीत."

हे वाक्य मला आता ऐकवत नाही. मामांनी दोनदा सोडली होती. घरच्या घरी, कुणालाही न सांगता. दुसऱ्या रात्री दरदरून घाम, उलट्या, डोळ्याला डोळा नाही, भिंतीवर किडे दिसायला लागले. तिसऱ्या पहाटे ते परत गुत्त्यावर. आम्हाला दिसलं एवढंच, की पुन्हा प्यायला लागले. त्यांना मात्र ती रात्र ठाऊक होती. सोडायची म्हटलं की तीच डोळ्यांसमोर यायची.

आणि ही भीती खोटी नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. औषधांनी हा त्रास आटोक्यात राहतो. पण हे सांगायला डॉक्टर भेटायला तर हवा!

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते. बाकीचे ३७ काही दगडाचे नाहीत.

कुणाला नोकरीची धास्ती. कुणाच्या घरात लग्नाची मुलगी, व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं हे बाहेर कळलं तर? कुणी ऐकलेलं असतं, चौघं गाडी घेऊन येतात, उचलून नेतात, कोंडून मारतात. असे प्रकार घडलेत, म्हणून केंद्र नीट चौकशी करूनच निवडा. गर्द किंवा गांजा ओढणाऱ्या पोरांना पोलिसांची भीती. त्यांनी हे जरूर ऐका: अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पूर्ण घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळतं.

बाईचं तर आणखी अवघड. पुरुष पितो म्हटलं की लोक हळहळतात, बाई पिते म्हटलं की तिचं चारित्र्य काढतात. ती कुणाच्या तोंडाने मदत मागणार?

आणि आपण घरचे? मामी दर सोमवारी ऑफिसात फोन करायची, "ह्यांना ताप आलाय." वर्षानुवर्षं. मायेपोटीच करायची, पण त्या तापामागे मामांचा आजार झाकला जायचा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. मामीलाही आमच्या गावाजवळ अशाच बायका भेटल्या. आधी ती एकटीच जायची. एका सोमवारी तिने फोन केला नाही. मामांना स्वतः करावा लागला, आणि त्यांना 'ताप' म्हणवेना.

पुढच्या महिन्यात ते तिच्याबरोबर उपचाराला गेले. नंतर एकदा घसरले, पुन्हा गेले.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत. पिणारा तयार नसेल तर घरच्यांनी लावा.