स्कूल बोर्डात बसायचं तर

नमस्कार. मला दिलेला विषय असा आहे: अमेरिकेतल्या स्कूल बोर्डांसाठी वेगवेगळ्या समाजांतली माणसं तयार कशी करायची. हा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निवडणूक येते. अंगणात रोवलेले फलक, दारोदार फिरणं, देणग्या गोळा करणं. त्यावर मी फार बोलणार नाही, कारण ते शिकवणारे पुष्कळ आहेत. निवडून आल्यावर पहिल्या मीटिंगच्या आधी कागदपत्रांचं जे पॅकेट हातात पडतं, ते वाचायला शिकवणारं मात्र फारसं कोणी भेटत नाही. माझ्या मते खरं प्रशिक्षण तिथं सुरू होतं.

या देशात साधारण १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा सांभाळणाऱ्या संस्था, आहेत. बहुतेक ठिकाणी पाच, सात किंवा नऊ जणांचं निवडून आलेलं बोर्ड असतं. शाळा बोर्ड चालवत नाही, सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे पगारी मुख्य अधिकारी, चालवतात. बोर्ड त्यांना नेमतं, त्यांच्या कामाचं मूल्यमापन करतं, बजेट मंजूर करतं, धोरण ठरवतं, कुठल्या रस्त्यावरची मुलं कुठल्या शाळेत जातील त्या सीमा आखतं. हे सगळे अधिकार बोर्डाचे, एकट्या सदस्याचे नव्हेत. निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रिन्सिपॉलना फोन करून 'अमक्या शिक्षकांची बदली करा' म्हणालात, तर त्यांनी ऐकायलाच हवं असं काही नाही. ज्यांनी लहानपणापासून नगरसेवकाचा रुबाब पाहिलाय, त्यांना हे पचायला जड जातं. सातांत चार मतं जमवता आली तर काम होतं, नाहीतर नुसती खुर्ची उबवायची.

आता पॅकेटकडे येऊ. आपण कॅलिफोर्नियात आहोत, म्हणून इथला नियम सांगतो. सरकारी मंडळांच्या मीटिंग उघड्यावर व्हाव्यात म्हणून केलेल्या १९५३ च्या ब्राउन अ‍ॅक्टप्रमाणे नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावा लागतो. मंगळवारी संध्याकाळची मीटिंग असली की शुक्रवारी कागद येतात, आणि मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये ती शेकडो पानं असतात. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारात ती वाचायची. त्यात 'कन्सेंट' नावाचा एक गठ्ठा असतो: मागच्या मीटिंगची टिपणं, नेमणुका, बिलं, करारांची नूतनीकरणं. या सगळ्यांवर मिळून एकदाच मतदान होतं, चर्चा होत नाही, दोन मिनिटांत उरकतं. नव्या सदस्याचं सगळं लक्ष असतं पुढच्या गाजणाऱ्या विषयावर, जिथं कॅमेरे आहेत आणि सभागृह भरलंय. बसचं कंत्राट पाच वर्षांसाठी वाढवलं जातं ते या गठ्ठ्यात.

म्हणून आमच्या सरावात भाषण शेवटी असतं. आधी एखाद्या डिस्ट्रिक्टचं जुनं, जाहीर झालेलं पॅकेट सगळ्यांपुढे ठेवतो आणि एवढंच विचारतो: यातल्या कोणत्या विषयाचा परिणाम तुमच्या मुलाच्या सकाळवर होईल, ते शोधा. एकदा एक बाई होत्या, रात्रपाळीत वृद्धांची सेवा करणाऱ्या, इंग्रजी बेताचं. सगळे बजेटच्या तक्त्यात डोकं घालून बसले होते, तेव्हा त्यांनी कन्सेंटमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं: बसथांबे एकत्र करण्याचा सल्लागाराचा करार. त्यांचा मुलगा त्या बसनं जायचा, बाकी कोणाचाही जात नव्हता. पुढचा अर्धा तास एकच वाक्य घोकून घेतलं: 'हा विषय कन्सेंटमधून बाहेर काढून वेगळा चर्चेला घ्यावा.' बोर्डाच्या सदस्यानं हे म्हटलं की विषय सहसा बाहेर निघतो. पहिल्यांदा म्हणताना मात्र आवाज कापतो, भल्याभल्यांचा.

ब्राउन अ‍ॅक्टचं आणखी एक कलम आपल्या लोकांसाठी खास सांगतो. सातपैकी चार सदस्यांनी मीटिंगबाहेर बोर्डाच्या विषयावर आपसांत चर्चा केली, मग ती ईमेलवर का असेना किंवा एकाकडून दुसऱ्याकडे निरोप फिरवत का असेना, तर कायदा मोडला. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद. (हे सांगितलं की मराठी श्रोत्यांत खरी अस्वस्थता पसरते.)

माणसं तयार केली तरी दार उघडं हवं. पूर्ण डिस्ट्रिक्टचं मिळून एकच मतदान असेल, तर बहुसंख्य गट प्रत्येक जागा जिंकू शकतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट रामापो डिस्ट्रिक्टमध्ये सरकारी शाळांतली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, पण त्यांच्या समाजाच्या पसंतीचे उमेदवार निवडून येत नव्हते. २०२० मध्ये फेडरल न्यायालयानं ती पद्धत मतदान हक्क कायद्याविरुद्ध ठरवली आणि प्रभागवार निवडणुकीचा आदेश दिला. आपल्या राज्यात २००१ च्या कॅलिफोर्निया मतदान हक्क कायद्यामुळं अनेक डिस्ट्रिक्ट प्रभागांकडे वळले. प्रभाग लहान, खर्च कमी, चालत फिरून मतदारांना भेटता येतं. साध्या माणसाला उभं राहणं जमतं ते अशा ठिकाणी.

इथं बसलेल्यांपैकी निम्मे मनात म्हणत असतील, 'आम्ही एच-वन बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत, आम्हाला काय?' बोर्डासाठी उभं राहता येणार नाही, खरंय. पण शिकागोत १९८८ च्या कायद्यानं प्रत्येक शाळेला लोकल स्कूल कौन्सिल दिली. त्यात सहा पालक निवडून येतात, मुख्याध्यापकांची निवड आणि शाळेचं बजेट यांत त्यांचा अधिकार चालतो, नागरिकत्वाची अट नाही आणि सदस्यांना प्रशिक्षण सक्तीचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन एन मंजूर केलं, तेव्हापासून नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं. आणि कॅलिफोर्नियात कुठंही, इंग्रजी शिकणारी ५१ मुलं असली की डिस्ट्रिक्टला त्यांच्या पालकांची सल्लागार समिती नेमावी लागते. शाळेत अशी २१ मुलं असली तर शाळेचीही.

या समित्यांत मराठी माणूस अभावानंच दिसतो. शाळेच्या प्रवेशफॉर्मवर घरची भाषा 'इंग्लिश' लिहा, म्हणजे मुलाची इंग्रजीची परीक्षा टळेल, हा सल्ला आपल्यात फिरतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो देणारे हुशार समजले जातात. मला तो सल्ला कोता वाटतो. राज्याकडून डिस्ट्रिक्टला मिळणारा जादा निधी २०१३ पासून इंग्रजी शिकणाऱ्या, गरीब आणि फॉस्टर केअरमधल्या (आईबापांऐवजी सरकारनं दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवलेल्या) मुलांच्या संख्येवर ठरतो. घरात मराठी बोलतो हे कागदावरच नसलं, तर त्या हिशेबात आपण नाही आणि त्या खोलीतही नाही.

थोडं कडू बोलतो. आपल्याला स्कूल बोर्ड आठवतं ते गणिताला धक्का लागला की. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१४ मध्ये आठवीतलं बीजगणित काढलं. ते परत आणायचा निर्णय बोर्डानं २०२४ मध्ये घेतला. त्या वादात दक्षिण आशियाई आणि चिनी पालक हिरिरीनं बोलले, बोलायलाच हवं होतं. पण बसचं कंत्राट, विशेष शिक्षणाचे मदतनीस, दुभाषी यांवर मतदान होतं तेव्हा तेच पालक कुठं असतात? धाकटा कॉलेजला गेला की आपण गायब. मग इतर समाजांनी आपल्याला सोबती का समजावं? प्रशिक्षणात फक्त मराठी माणसं नकोत असं मी म्हणतो ते यासाठी. होंडुरासची आई, सोमाली बाबा आणि आपला सॉफ्टवेअरवाला एकाच टेबलावर एकच पॅकेट वाचतात, तेव्हा चौथं मत कुठून येणार ते कळायला लागतं.

वर्ग भरवायचा तर तो संध्याकाळी सातला, इंग्रजीतून, मुलं घरी ठेवून या असा भरवू नका. त्याला फक्त आपल्यासारखेच येतील. मुलं सांभाळायला कोणी हवं, जेवण हवं, दुभाषी हवा. दुभाष्यावरून आठवलं: या राज्यात बोर्डापुढे दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, जोपर्यंत एकाच वेळी भाषांतर करणारी यंत्रणा नसेल. तीन मिनिटांची सहा. बऱ्याच पालकांना हे माहीत नसतं, म्हणून तिसऱ्या मिनिटाला माईकपासून मागे फिरतात.

राहिलं उभं राहण्याचं. नोव्हेंबरच्या निवडणुकीचे अर्ज साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरतात. त्या जागेवरच्या सदस्यानं अर्ज भरला नाही, तर इतरांना आणखी पाच दिवस मिळतात. एका जागेला एकच उमेदवार असेल तर सहसा मतदान होतच नाही. तो नेमला जातो. मध्येच जागा रिकामी झाली, तर बोर्डाला ६० दिवसांत निवडणूक जाहीर करावी लागते किंवा कोणाला तरी नेमावं लागतं, आणि इच्छुकांच्या मुलाखती उघड्या मीटिंगमध्ये होतात. त्या वेळी अर्जाला मुदत थोडी असते आणि ज्याला बजेट वाचता येतं, ज्याचं तोंड मीटिंगला येणाऱ्यांच्या ओळखीचं आहे, त्याचं पारडं जड होतं. तुमच्या डिस्ट्रिक्टमधल्या कोणत्या जागांची निवडणूक पुढच्या नोव्हेंबरला आहे, हे काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतं. चहाच्या सुट्टीत फोनवर पाहून घ्या. नंतर आपण जुनी पॅकेटं उघडणार आहोत.