कान्हेरीच्या पन्हळी

श्रोतेहो, नमस्कार.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव काढलं की आधी बिबट्या आठवतो. आज मला तिथल्या माणसांबद्दल बोलायचंय. 1930च्या दशकात टॉड नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याला याच डोंगरांच्या पायथ्याशी, कांदिवलीला, अश्मयुगीन माणसानं घडवलेली दगडी हत्यारं सापडली होती. आज त्या भागात दाट वस्ती आहे.

वर डोंगरात मात्र कान्हेरी उभी आहे. शंभरावर लेणी, हजारेक वर्षं नांदती राहिलेली. बहुतेक जण तीन नंबरचं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं) बघतात, उंच बुद्धमूर्तींपाशी फोटो काढतात आणि माघारी वळतात. तसं करू नका. कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर चढा आणि जरा पायाखाली बघा. उतारावर अरुंद पन्हळी कोरलेल्या दिसतील. पावसाचं पाणी त्या वळवून लेण्यांच्या दाराशी खोदलेल्या टाक्यांत आणून सोडतात. इथल्या लेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय. कल्याण-सोपाऱ्याकडच्या दात्यांनी लेणं दिलं, तसं पोढीचंही दान दिलं आणि ते भिंतीवर कोरून ठेवलं. चार महिने धो धो पाऊस, पुढं आठ महिने तापलेला कातळ. अशा जागी शेकडो वर्षं भिक्षू राहिले ते या साठवणीच्या जोरावर. (पुढं 1860 मध्ये मुंबईला नळाचं पाणी मिळालं, तेही याच डोंगरांतल्या विहार तलावातून!)

म्हणून पन्हळीत अडकलेली वेफर्सची पिशवी बघितली की जीव तुटतो. मूर्तीला हात लावू नये हे आता सगळ्यांना कळतं. पन्हळ हीसुद्धा तितकीच जपायची वस्तू आहे, हे अजून कळायचंय.

दुसरं दुखणं भिंतींवर नावं कोरण्याचं. लेणं क्रमांक 90 मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ.स. 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं तिथं कोरली. कुणी विचारेल, त्यांनी कोरली ती चालली, मग आम्ही कोरली तर काय बिघडलं? बिघडतं. त्यांच्या लेखांमुळं पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या काळच्या पारशांचा पुरावा आपल्या हाती आला. आपला खिळा ब्राह्मी अक्षरावरून फिरला तर त्या दात्याचं गाव, त्याचं नाव कायमचं गेलं. कायद्यानं याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण एवढ्या मोठ्या डोंगरात पहारा तरी कुठं कुठं ठेवणार?

आणि उद्यानातले वारल्यांचे, मल्हार कोळ्यांचे पाडे. तिथं वाघोबाला पूजतात. वाघोबाचं ठाणं कुठं आहे, तिथं काय वाहायचं, कधी वाहायचं, हे कुठल्या शिलालेखात नाही, पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. लेण्यांचे लेख आपण छापून ठेवले. पाड्यावर जाऊन, त्या माणसांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन ही माहितीही आत्ताच लिहून घ्यायला हवी. मुंबईतल्या कॉलेजांतल्या मुलांनी हे काम हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नमस्कार.