सिलात : लग्नाच्या अंगणातली युद्धकला

श्रोतेहो, नमस्कार. मलेशियातल्या एखाद्या गावात लग्न असतं. नवरा-नवरी सजवलेल्या आसनावर बसलेली. त्या एका दिवसापुरता त्यांना राजाराणीचा मान. अंगणात ढोल घुमू लागतात, वर सेरुनाई चढते, तिचा सूर ऐकून आपल्याला सनईच आठवावी. आणि काळ्या पोशाखातले, कमरेला जरीचं वस्त्र बांधलेले दोघे जण पुढे येतात. आधी नवदांपत्याला वंदन, मग एकमेकांना दोन्ही हातांनी सलाम, आणि सिलात सुरू होतं.

पाहताना नाचच वाटतो. हात संथ वळतात, गुडघे वाकतात, पाऊल जमीन चाचपत पुढे सरकतं. पण तो तळहात नीट पाहा. समोरच्याच्या मनगटाला भिडला की त्याची पकड होते, आणि पुढचं पाऊल टाचेमागे रोवलं की गडी आडवा. लग्नात मात्र घाव अंगावर येण्याआधी थांबवतात. मला तर सिलातचं मर्म या थांबवण्यातच दिसतं. त्यासाठी ताकदीइतकाच मनावर ताबा लागतो, म्हणून आखाड्यात डावांच्या आधी गुरूचा मान आणि अदब शिकवतात.

या विद्येचा आदर्श म्हणजे मलाक्का सल्तनतीच्या कथांमधला हांग तुआह. चुगलीवर विश्वास ठेवून सुलतानानं त्याला देहदंड फर्मावला. बेंदाहारानं, म्हणजे राज्याच्या प्रधानानं, त्याला गुपचूप लपवलं. तो मेला असं समजून त्याचा जिवलग हांग जेबात सुलतानावर उलटला. जेबात कुणालाच आवरेना, तेव्हा तुआहला परत बोलावलं आणि त्यानं आपल्या हातानं मित्राला मारलं. खरा वीर कोण, हुकूम पाळणारा तुआह की अन्यायावर उठलेला जेबात? मलय समाजात हा वाद आजही मिटलेला नाही. एवढ्या लाडक्या वीराची कथा त्यांनी अशी बोचरी राहू दिली, याचं मला फार मोल वाटतं.

२०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत सिलातला पदकं होती. २०१९मध्ये मलेशियाचं सिलात आणि इंडोनेशियाची पंचाक सिलातची परंपरा, दोन्ही युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आनंदच आहे. पण तिकडे जाणं झालं, तर स्टेडियमच्या आधी एखादं लग्न गाठा आणि वादकांच्या जवळ बसा. ढोलाची लय चढली की संथ पावलं संपली, आता झटापट, हे तिथे कानांना आधी कळतं.