मोठ्या आईची भाकर खाल्ली कोणी

नमस्कार मंडळी, राम राम. वय झाल्यावर डोकं शाबूत राहावं म्हणून काय खायचं, यावर आज बोलायचंय. बदाम सांगीन असं वाटत असेल तर खा बाप्पा बदाम, परवडत असतील तर, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्या आधी एक पाहा, घरातलं म्हातारं माणूस खरंच जेवतं का? ताटात वाढलं म्हणजे पोटात गेलं असं नसतं. परत सांगते, ताटात वाढलं म्हणजे पोटात गेलं असं नसतं.

आमची मोठी आई होती, यवतमाळकडची. कोणाकडे किती पायल्या ज्वारी उधार गेली ते सगळं तिच्या तोंडपाठ, वहीबिही काही नाही. ती बाई एकाएकी वरणात दोनदा मीठ टाकायला लागली, विकलेल्या म्हशीचं दूध काढायला संध्याकाळी चरवी घेऊन गोठ्यात जाऊन उभी राहायची. घरचे म्हणे साठी बुद्धी नाठी, शेजारची म्हणे बाहेरचं लागलं असंन, लिंबू उतरवून झालं, धागा बांधून झाला. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरसवदाच होता, पण हुशार, त्यानं पहिले विचारलं, आजी जेवतात काय? सगळे एका सुरात, "भाकर, वरण, भाजी, आमच्याकडे खायला काय कमी हाय जी!" मोठी आई पण मान हलवते, हो हो म्हणून. तेवढ्यात तिची नात, सहासात वर्षाची, म्हणाली, "आजी त भाकर बकरीले देते, अन् चहात टोस्ट बुडवून खाते."

झालं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे. पहाटेच डबे बांधून सगळे कापूस वेचायला जात, दुपारी घरी म्हातारी एकटी, खालची कवळी टोचायची म्हणून चावता येईना, आणि सुनेला वाईट वाटंल म्हणून भाकर जायची खाटेखालून बकरीला. बकरी अशी गुबगुबीत झाली होती, आणि आमचा दादा आठवडी बाजारात छाती फुगवून सांगायचा, "ढेप चांगली देतो मी!"

रक्त तपासलं तर बी ट्वेल्व जीवनसत्त्व अगदी तळाला. त्यात तिला शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, त्या गोळीनं बी ट्वेल्व कमी होऊ शकतं आणि वयानं पोटातून शोषणही कमी होतं. माळकरी असल्यामुळं अंडं-मासा वर्ज्य, म्हैस विकल्यापासून दूधदहीही नावालाच. मग इंजेक्शनं दिली, कवळी नीट करून घेतली, भाकर वरणात कुस्करून मिळायला लागली, रोज वाटीभर दही, आणि दुपारी जेवताना जवळ कोणीतरी बसायचं हे पक्कं केलं. हळूहळू फरक पडला. अगदी पहिल्यासारखी नाही झाली, पण पोळ्याला दारात बसून शेजारच्याला म्हणाली, "तुह्या बापानं नेलेली ज्वारी कवा देतं?" तो बैल घेऊन पळाला!

आता सगळ्याच विसरण्याला बी ट्वेल्व जबाबदार नसतं, हे लक्षात ठेवा. पण तपासायच्या आधीच "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

बाकी काय खायचं ते पटकन सांगते. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये मेंदूसाठी एक आहार मांडला, पालेभाजी, डाळी-कडधान्य, अख्खं धान्य, शेंगदाण्या-अक्रोडासारखं काही, मासे, बेरी, आणि तळलेलं-गोड कमी. २०२३ मध्ये तीन वर्षांच्या चाचणीचा निकाल आला तर हा आहार घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्या दुसऱ्या गटात फार फरक दिसला नाही, म्हणून चमत्कार म्हणून विकणाऱ्यांकडून घेऊ नका. पण पाहा ना, अंबाडी, मेथी, तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, हे तर आपलंच आहे! आपण ज्वारी सोडून मैद्याच्या टोस्टवर आलो, आणि लग्नाच्या पंगतीत आता चायनीज, असो. जवसाची चटणी करा, पण जवस भाजून कुटून, अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो. भंडारा-गोंदियाकडे तलावाचे मासे मिळतात, जे खातात त्यांनी जरूर खावेत, जवस माशांची पूर्ण जागा घेत नाही.

मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, त्यात लोणचं-पापड पण आलं. बीपी आणि शुगर आटोक्यात नसली तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो, आणि तंबाखू-सुपारीचा खर्राही रक्तवाहिन्या खराब करतो, दातही घालवतो. खर्ऱ्याला पैसे असतात आणि दह्याला नसतात, हे मला कधी समजलंच नाही.

आणि उन्हाळ्याचं विसरू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसाला तहान लवकर कळत नाही, मागायची वाट पाहू नका, थोडं थोडं पाणी, ताक देत राहा. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असंल तर किती द्यायचं ते डॉक्टरला विचारून. पण कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज अचानक बरळायला लागलं, ओळखेना, तर ते वय नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, लिंबू घरीच ठेवा, सरबताला.