पाच जणांतली पाचवी

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, पाळकसाहेब आणि भर दुपारी वेळ काढून आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो ‘स्थानिक मंडळीचा इतिहास कसा लिहावा’ असा. मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये एकत्र जमणारे ख्रिस्ती लोक. या विषयावर बोलणारच आहे. पण त्याआधी तुम्हाला न्यूयॉर्कला, वॉल स्ट्रीटपासून चार पावलांवरच्या जॉन स्ट्रीटवर नेतो. उंच इमारतींच्या मध्ये तिथे एक बेताचं चर्च उभं आहे. आजची वास्तू १८४१ ची, जागेवरची तिसरी. मंडळी मात्र १७६६ ची, मेथॉडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या मंडळ्यांपैकी एक.

ती उभी करणारी माणसं दोनदा विस्थापित झालेली. जर्मनीत राइन नदीकाठच्या पॅलटिनेटमधून लढाया आणि उपासमार यांना कंटाळून १७०९ मध्ये हजारो लोक बाहेर पडले. त्यातले काही आयर्लंडमध्ये लिमरिकजवळ खंडानं जमिनी कसू लागले. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली त्यांच्यापर्यंत पोचले आणि तिथे मेथॉडिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या. पुढे खंड परवडेना. तेव्हा १७६० मध्ये काही कुटुंबं जहाजात बसली आणि न्यूयॉर्कला उतरली. त्यांत फिलिप एम्बरी होते, धंद्यानं सुतार, आयर्लंडमध्ये उपदेशही करायचे. आणि होती त्यांची नात्यातली बहीण, बार्बरा हेक.

नवा मुलूख, नवं पोट. एम्बरींनी रंधा हातात धरला आणि उपदेश सोडला. सहा वर्षं गेली. आता पुढची गोष्ट या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि मला ती सांगायला फार आवडते, तेव्हा जरा वेळ लागेल. एका संध्याकाळी बार्बरा एका घरी गेली, तर आपलीच माणसं पत्ते कुटत बसलेली. बाईनं एक शब्द बोलण्याआधी पत्ते गोळा केले आणि सरळ चुलीत टाकले. (पुरुष मंडळी हसताहेत. बायका हसत नाहीत. त्यांना हे अगदी बरोबर वाटतंय!) तिथून ती तडक फिलिपच्या दारात. म्हणाली, ‘फिलिप, तू आम्हाला उपदेश कर, नाहीतर आम्ही सगळे नरकात जाऊ आणि आमच्या रक्ताचा जाब देव तुला विचारेल.’ ते म्हणाले, ‘कुठे करू? ना घर, ना मंडळी.’ ती म्हणाली, ‘स्वतःच्या घरात कर, घरच्यांपुढे कर.’

पत्त्यांचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं शेवटचं उत्तर. जागा मिळाली की मंडळी जमवू, असं आपण म्हणतो. ती म्हणाली, आधी माणसं बसव.

आणि माणसं बसली. पाच. एम्बरी स्वतः, बार्बरा, तिचा नवरा पॉल, त्यांच्याकडचा गडी जॉन लॉरेन्स, आणि हेक कुटुंबाकडे कामाला असलेली आफ्रिकी बाई, बेट्टी. आडनाव नाही, जन्मसाल नाही, पुढे तिचं काय झालं याचा पत्ता नाही. पण त्या खोलीत पाचातली एक ती होती. माझं आजचं सगळं बोलणं तिच्यापाशी येऊन थांबतं.

पुढचं भराभर सांगतो. कॅप्टन थॉमस वेब नावाचे इंग्रज लष्करी अधिकारी एकदा सभेला आले. लाल डगला, कमरेला तलवार, उजव्या डोळ्यावर पट्टी. सगळ्यांना वाटलं, पकडायलाच आले. ते निघाले मेथॉडिस्ट उपदेशक! तलवार समोर ठेवून ते उपदेश करायचे. घर अपुरं पडलं तशी सभा जहाजांचे दोरखंड तयार करण्याच्या एका माळ्यावर गेली. मग जॉन स्ट्रीटवर जागा. साठ फूट लांब, बेचाळीस फूट रुंद दगडी इमारत, आत शेकोटी आणि वर धुराडं. का? तर न्यूयॉर्क तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, आणि ‘चर्च ऑफ इंग्लंड’ या त्यांच्या अधिकृत पंथाबाहेरच्यांना रीतसर चर्च बांधायला आडकाठी होती, म्हणून कागदावर ते ‘घर’. बाकांना पाठी नव्हत्या, वरच्या सज्ज्यात शिडीनं चढायचं. व्यासपीठ एम्बरींनी स्वतःच्या हातानं घडवलं आणि ३० ऑक्टोबर १७६८ ला त्यावरून पहिला संदेश दिला, बायबलमधल्या होशेयच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायावर: आपली पडीत जमीन नांगरा. शेतं सोडून आलेल्या लोकांना याहून जवळचं वचन कुठलं असणार!

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय.

मध्यंतरी एका मंडळीची शतकमहोत्सवी स्मरणिका हातात आली. चकचकीत कागद, सगळ्या पाळकांचे फोटो क्रमानं, कोनशिला कोणी बसवली, घंटा कुठून आणली, सगळं आहे. बायबल वाचून सांगत वाड्यावस्त्यांवर पायी फिरलेल्या बायबलबाईंचं नाव नाही. पहाटे घंटा वाजवणाऱ्याचं नाही. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. हा अर्धा इतिहास आहे.

उरलेला अर्धा हिशेबाच्या वह्यांत असतो. जॉन स्ट्रीटच्या इमारतीसाठी वर्गणीची यादी फिरली, त्यात सुमारे २५० नावं आहेत. कॅप्टन वेब यांचे ३० पौंड आहेत, शहरातले प्रतिष्ठित आहेत आणि नुसत्या पहिल्या नावानं नोंदलेल्या आफ्रिकी कामकरी बायकाही आहेत. त्याच मंडळीच्या हिशेबात १७८३ मध्ये ४० पौंड खर्ची पडलेले दिसतात. कशासाठी? पीटर विल्यम्स या माणसासाठी. चर्चची देखभाल हाच करायचा, आणि तो गुलाम होता. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर त्याचा इंग्रज राजाशी निष्ठा राखणारा मालक न्यूयॉर्क सोडून निघाला, तेव्हा विश्वस्तांनी पीटरला विकत घेतलं. त्यानं ती रक्कम हप्त्या-हप्त्यानं फेडली, पुढे तंबाखूचा धंदा केला आणि आफ्रिकी मेथॉडिस्टांचं वेगळं झायन चर्च उभं करणाऱ्यांत तो होता. ते चर्च का वेगळं करावं लागलं, हा प्रश्न जॉन स्ट्रीटच्या इतिहासातच विचारायला हवा. कोनशिलेवर तो सापडणार नाही. माणूस विकत घेणारी मंडळी आणि त्याला मोकळं करणारी मंडळी एकच होती. दोन्ही लिहायचं.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. अमेरिकन मेथॉडिस्ट उपदेशक विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले तेव्हा तिथेही सुरुवात लोकांच्या घरांतूनच झाली, १८७२ मध्ये मंडळी रीतसर स्थापन झाली. पगार नाकारून मुंबईत चाळीस वर्षं राहिलेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. बोवेन यांच्या नावाचं चर्च अपोलो बंदराजवळ आहे. पण त्या पहिल्या घरांत चहा कोणी केला, दिवा कोणी लावला, दाराशी कोण बसून ऐकत होतं?

म्हणून विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत मंडळीच्या जुन्या वर्गणीच्या वह्या, बाप्तिस्म्याची नोंदपुस्तकं, पंचांच्या सभांचे कागद असतील तर रद्दीत घालू नका. वाचनालयात आणून द्या. प्रत काढून मूळ कागद परत मिळतील. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर याच आठवड्यात त्यांना विचारा, घंटा कोण वाजवायचं. नाव आडनावासकट लिहून घ्या.