पुरुमेंताची यादी

(म्हापशाचा बाजार. मिरच्यांची पोती, कांद्याच्या माळा.)

मे अर्धा सरला की म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मिरच्या, सोलं, चिंच, खारे बांगडे, सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. हा पुरुमेंत. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आलेला, अर्थ आपल्या बेगमीचा. पावसात होड्या किनाऱ्याला लागायच्या, वाटा बंद व्हायच्या, म्हणून आधीच घर भरून ठेवायचं. जगायला काय काय लागतं, याची यादी गोव्याने अशी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली आहे.

आम्ही बाजारात तेच विचारत फिरलो. तुमचं कशावाचून अडतं?

बांगड्यांचा भाव करणाऱ्या आजींनी मानसुद्धा वर केली नाही. “तांदूळ, मीठ, नुस्तं.” नुस्तं म्हणजे मासळी.

पाणी?

“पाणी काय बाजारात आणायचं?” त्यांच्या परसात विहीर आहे, मेमध्येही न आटणारी. सोबतची नात म्हणाली, मोबाईल. “ती चैन गो,” आजी म्हणाल्या. नातीला ते पटलं नाही. २०२०च्या टाळेबंदीत सत्तरी-सांगे तालुक्यांतली मुलं रेंजसाठी डोंगर चढून वर्गाला बसत होती. त्या वर्षी मोबाईल अनेक घरांच्या यादीत गुपचूप येऊन बसला.

१९८३ साली ब्रिटनमध्ये गरिबी मोजण्यासाठी अशीच पाहणी झाली. ३५ गोष्टी लोकांपुढे ठेवल्या. निम्म्याहून जास्त लोक जिला गरज म्हणतील, ती गरज. टीव्ही ५१ टक्क्यांवर जेमतेम तरला. गरिबी कशाला म्हणायचं हे लोकांनाच विचारावं, ही कल्पना आम्हांला आवडली. पण बाजारात एक गोष्ट खटकत राहिली: ज्याची कधी वाण पडली नाही, ते कुणाच्या तोंडी येतच नाही.

(कांद्याच्या माळांपाशी.)

इथल्या बाईंनी मात्र पहिलाच शब्द उच्चारला, “पाणी.”

सप्टेंबर २०२१मध्ये गोव्यात घरगुती नळाला महिना १६,००० लिटरपर्यंत पाणी मोफत झालं. ऑगस्ट २०२२मध्ये ग्रामीण भागातल्या घरोघरी नळ पोचल्याचं प्रमाणपत्रही राज्याला मिळालं. नळ बाईंकडेही आहे. रात्री त्या तोटी उघडी सोडतात आणि खाली पत्र्याची रिकामी बादली ठेवून झोपतात. पहिली धार पत्र्यावर वाजली की जाग येते. प्लास्टिकची बादली चालत नाही, आवाज कमी होतो.

माळ पिशवीत घालता घालता त्यांनी आम्हांलाच विचारलं, “तुमच्याकडे किती वाजता येतं?”