हिरवा रंग आणि एका आईचा हट्ट

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय फेनिलअलॅनिन या अमिनो आम्लाविषयी. नाव जरा अवघड आहे, पुन्हा सांगतो, फेनिलअलॅनिन. शरीराला ते बनवता येत नाही, अन्नातल्या प्रथिनांतूनच मिळवावं लागतं. यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल करतं. पुढे टायरोसिनपासून ॲड्रेनलिन, थायरॉईडचं संप्रेरक, कातडीचा रंग, असं बरंच काही तयार होतं.

हे विकरच नसेल तर? त्यासाठी १९३४ साली नॉर्वेत जाऊ या.

एका आईची दोन मुलं. जन्मली तेव्हा ठीक होती, पण पुढे बुद्धीची वाढ होईना. धाकटा चार वर्षांचा झाला तरी ना चालत होता, ना बोलत होता. आणि दोघांच्याही लघवीला कसलासा कुबट वास. ती बाई एकामागून एक डॉक्टर गाठत होती, प्रत्येकाला त्या वासाबद्दल विचारत होती. कुणी मनावर घेईना. आईला वास येतोय ना, मग तो आहेच! आईचं बोलणं जसंच्या तसं केसपेपरवर उतरवून घ्यायला डॉक्टरांना शिकवायलाच हवं, हे माझं पहिल्यापासूनचं मत.

अखेर ती आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे पोचली. हे डॉक्टर रसायनशास्त्रही शिकलेले. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराईड टाकलं. मधुमेहातल्या कीटोनमुळे रंग तांबूस होतो, तसं काही दिसेल अशी अपेक्षा. रंग आला हिरवा. गडद हिरवा! औषधांमुळे असेल म्हणून आठवडाभर सगळी औषधं बंद करायला लावली. पुन्हा हिरवाच. मग ती आई दोनेक महिने लघवी आणून देत राहिली, सगळी मिळून वीसेक लिटर. त्यातून फोलिंग यांनी फेनिलपायरुविक आम्ल वेगळं काढलं. हे फेनिलअलॅनिनपासूनच झालेलं.

म्हणजे विकर निकामी, म्हणून फेनिलअलॅनिन साचतं, आणि साचलेलं फेनिलअलॅनिन वाढत्या मेंदूला इजा करतं. हाच फेनिलकीटोन्युरिया. १९५० च्या दशकात फेनिलअलॅनिन बेताचंच असलेला आहार आला. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब टिपकागदावर घेऊन तपासायची सोपी रीत दिली. जन्मानंतर लगेच कळलं आणि आहार सांभाळला, तर मेंदू वाचतो. लगेच कळलं तर, हे पुन्हा सांगतो. त्या दोन भावंडांसाठी मात्र फार उशीर झाला होता.

ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्यातही फेनिलअलॅनिन असतं. ते घातलेल्या शीतपेयाच्या बाटलीवर तसं छापलेलं असतं, पण किती बारीक! ती ओळ नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत हवी.